लॅपटॉपवरून रंगमंचाचे दिवे

एकांकिकेच्या प्रकाशयोजनेसाठी महागडा लाइट बोर्डच हवा असं नाही. जुना लॅपटॉप, यूएसबी-डीएमएक्स इंटरफेस आणि क्यूएलसी प्लससारखं मोफत सॉफ्टवेअर, एवढ्यात काम भागतं. या सगळ्याच्या मुळाशी आहे 1986 साली अमेरिकेत ठरलेली डीएमएक्स 512 ही पद्धत. एका केबलमधून 512 चॅनेल जातात. प्रत्येक चॅनेल म्हणजे 0 ते 255 मधला एक आकडा. उजेडाच्या चॅनेलवर 0 म्हणजे काळोख, 255 म्हणजे पूर्ण झोत.

नवखे अडतात ते पत्त्यांपाशी, म्हणजे दिव्याचे चॅनेल कुठल्या आकड्यापासून सुरू होतात ते ठरवण्यापाशी. समजा, सात चॅनेल घेणारे एलईडी पार दिवे आहेत. पहिल्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर 1 लावायचा, दुसऱ्यावर 8, तिसऱ्यावर 15. दोघांना एकच पत्ता दिला तर ते जुळ्यांसारखे वागतात. कधी कधी तेच हवं असतं म्हणा! जुन्या हॅलोजन दिव्यांना मात्र मध्ये डिमर पॅक लागतो.

केबल एका दिव्यातून पुढच्यात अशी साखळीने न्यायची, शेवटी 120 ओहमचा टर्मिनेटर. माइकची केबल बसते खरी, पण लांब अंतरावर दिवे लुकलुकायला लागतात.

इंटरफेसवर पैसे वाचवू नयेत. अगदी स्वस्तातले संदेशांची वेळ लॅपटॉपवर सोपवतात. तो दुसऱ्या कामात गुंतला की ऐन प्रवेशात दिवा थरथरतो. स्वतःचा प्रोसेसर असलेला इंटरफेस घ्यावा. आणि तिसऱ्या घंटेआधी लॅपटॉपचे अपडेट, स्लीप मोड बंद करावेत.