कवचाआधीचं कासव?

कवच म्हणजे कासवाचं घर, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण या घरातून कासवाला बाहेर पडता येत नाही, कारण ते त्याच्याच बरगड्यांचं आणि कण्याचं बनलेलं असतं. मग बरगड्या रुंद व्हायला सुरुवात कधी झाली? आणि का?

इथे आपल्याला दक्षिण आफ्रिकेतल्या कारू प्रदेशात जावं लागतं. सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वीच्या तिथल्या खडकांत युनोटोसॉरस सापडतो. दिसायला जाडजूड सरडा, कवच नाही. पण बरगड्यांच्या ९ जोड्या पात्यांसारख्या पसरट. सीली यांनी १८९२ मध्ये त्याला नाव दिलं आणि १९१४ मध्ये वॉटसन यांनी म्हटलं, हा कासवांचा पूर्वज असावा.

खरा वाद आहे कवटीचा. सरडे, मगरी यांच्या कवटीत डोळ्यामागे दोन छिद्रं असतात, कासवाच्या कवटीत एकही नाही. म्हणून कासवं फार जुन्या, वेगळ्या शाखेची मानली जात. डीएनए मात्र त्यांना मगरी आणि पक्ष्यांच्या जवळ बसवतो. आता कोणाचं ऐकायचं? २०१५ मध्ये बेव्हर, लायसन आणि सहकाऱ्यांनी युनोटोसॉरसच्या कवट्यांचं स्कॅनिंग केलं. पिल्लाच्या कवटीत वरचं छिद्र उघडं निघालं, मोठ्यांत ते हाडानं झाकलेलं! म्हणजे छिद्रं नव्हतीच असं नाही, ती बुजत गेली.

सगळ्यांना हे पटलेलं नाही, बरं का. रुंद बरगड्या दोन शाखांत स्वतंत्रपणे येऊ शकतात, आणि काही अभ्यासक युनोटोसॉरसला कासवांपासून दूरच ठेवतात. हा आक्षेप वजनदार आहे. तरी कवटीचा पुरावा पाहता आमचा कल कासवांकडेच आहे.

आता ‘का?’ संरक्षणासाठी, हे उत्तर चटकन सुचतं. पण रुंद बरगड्यांनी छाती आखडते, श्वास घेणं अवघड होतं, चालही मंदावते. कवच पुरं होण्याआधीच एवढी किंमत कशासाठी मोजायची? २०१६ मध्ये लायसन आणि सहकाऱ्यांनी उत्तर सुचवलं: खोदण्यासाठी. (त्यातला एक महत्त्वाचा नमुना आठ वर्षांच्या मुलाला वडिलांच्या शेतात सापडला होता.) त्याचे पुढचे पाय मजबूत, पंजे मोठे. माती उकरताना धड डगमगू नये म्हणून या बरगड्या टेकू देत होत्या.