क्लच ‘गेला’ म्हणण्याआधी

श्रावणातल्या सुट्ट्यांना दौलताबादच्या दिल्ली दरवाजापाशी गाड्यांची रांग किती लांबते, याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत. घृष्णेश्वर आणि भद्रा मारुतीला निघालेली गर्दी, दरवाजाची अरुंद वाट आणि पुढे लगेच घाटाचा चढ, हे गणित छत्रपती संभाजीनगर शहराला पाठ आहे. बातमीत न येणारा भाग सोमवारी गॅरेजात दिसतो. जळका वास घेऊन गाडी येते आणि मालक उतरता उतरता सांगतो, क्लच गेला.

गेला असेलही. पण क्लचचा सेट बदलायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, म्हणजे सामानाच्या जोडीला मजुरीही भरघोस. शिवाय क्लच प्लेट हा झिजणारा भाग, त्यामुळे वॉरंटीत ती सहसा बसत नाही. एवढा खर्च करण्याआधी क्लच खरंच गेलाय का, हे मालकानं स्वतः तपासून घ्यायला हवं. ते अजिबात अवघड नाही.

क्लच या शहराला परका नाही. बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांची वसाहत उभी राहिली. त्यातूनच वाढलेली एन्ड्युरन्स ही कंपनी दुचाकींचे क्लच बनवते. 2020 मध्ये तिनं इटलीतली ॲडलर ही दुचाकी क्लचमधली नावाजलेली कंपनीही घेतली. पण मोटारसायकलचा क्लच आणि कारचा क्लच यांत मोठा फरक आहे. बहुतेक मोटारसायकलींत छोट्या छोट्या अनेक प्लेटा एकावर एक असतात आणि त्या तेलात बुडालेल्या असतात. अर्धा क्लच दाबून रेंगाळलं, तर घर्षणाची उष्णता तेल ओढून घेतं. कारमध्ये एकच प्लेट, तीही कोरडी, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये दाबून बसलेली. छोट्या कारमध्ये ती नाश्त्याच्या ताटलीएवढी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटर घर्षणाचा थर असतो. अर्ध्या क्लचवर गाडी चढाला तोलून धरली, की उष्णता ओढून घ्यायला तेल नसतं आणि तो थर करपतो.

माझं ठाम मत असं, की आपल्या शहरात क्लच लवकर जाण्याचं मोठं कारण इथंच आहे. वर्षानुवर्षं दुचाकी चालवलेला माणूस पहिली कार घेतो. कोंडीत क्लचच्या दांडीवर दोन बोटं ठेवायची सवय डाव्या हातातून डाव्या पायात उतरते. दुचाकीनं ती सवय खपवून घेतलेली असते, कार खपवून घेत नाही. म्हणूनच एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत एकीचा क्लच लाखभर किलोमीटर टिकतो आणि दुसरीचा त्याच्या निम्म्यातही दगा देतो.

आता निदान. चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका गॅरेजात एक जुने मिस्त्री आहेत. ‘क्लच गेला’ म्हणत आलेल्या गाडीचं बॉनेट ते आधी उघडतच नाहीत. इंजिन बंद ठेवून पाचही गिअर टाकून बघतात. मग इंजिन सुरू करून, क्लच पूर्ण दाबून, तेच पुन्हा. बंद गाडीत गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर प्लेट नीट सुटत नाहीये. त्यानंतर क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. तरीही खर्रर्र आवाज आला, तर खात्री पटते.

पण याचा अर्थ प्लेट संपली असा नाही, आणि नेमकं इथंच लोक फसतात. पायाचा दाब आतपर्यंत पोचत नाही एवढंच त्यातून कळतं. केबलवाल्या गाडीत केबल ताणली असेल किंवा तिच्या तारा तुटायला लागल्या असतील. हायड्रॉलिक गाडीत मिस्त्री पेडल भराभर पंप करतात. पंप केल्यावर पेडल घट्ट झालं आणि गिअर पडायला लागले, तर ऑइल गळतंय किंवा लाइनमध्ये हवा शिरलीय. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकच्या ऑइलची डबी एकच असते, त्यामुळे तिथली पातळी उतरलेली दिसली तर घरी जाण्याची घाई करू नये. बाहेर बसवलेला सिलिंडर गळत असेल, तर काम थोडक्यात भागतं. तो गिअरबॉक्सच्या आत असेल, तर मात्र उतरवणं आलंच.

स्लिप होणं याच्या अगदी उलट. तिथे गिअर सुरळीत पडतात, पण प्लेट पकड सोडते. केंब्रिज चौक ओलांडून शेंद्र्याकडे निघाल्यावर, मागेपुढे वाहन नसताना, ताशी चाळीसच्या आसपास चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज आणि आरपीएमचा काटा चढला, पण वेग तिथेच राहिला, तर प्लेट घसरतेय. ही चाचणी एकदाच करावी, कारण प्रत्येक वेळी प्लेट आणखी घासते. घाटात एकदा वास आला आणि थंड झाल्यावर गाडी या चाचणीत पास झाली, तर सेट बदलायची घाई नको. काही दिवस बघा.

आवाजाचं गणित सोपं आहे. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर. दाबल्यावर उलट थांबली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघायचं.

गाडी उचलताना थरथरते, हे लक्षण सर्वात फसवं. प्लेटवर ऑइल सीलमधून तेल आलं असेल किंवा फ्लायव्हीलवर उष्णतेचे डाग पडले असतील. पण इंजिनाचं रबरी माउंटिंग तुटलं तरी गाडी अशीच थरथरते, आणि त्याचा खर्च क्लचपुढे काहीच नाही. म्हणून आधी माउंटिंग बघायला सांगा.

दोनच पेडल असलेल्या एएमटी गाड्यांच्या मालकांनीही निर्धास्त राहू नये. 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून आपल्याकडे आलेल्या या पद्धतीत आत तीच कोरडी प्लेट असते, फक्त ती दाबणारा पाय यंत्राचा असतो. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली, तर तीही जळते. बिडकीनला टोयोटाचा कारखाना येणार म्हणून सगळे हायब्रिडबद्दल बोलतायत, पण घाटातल्या रांगेतल्या बहुतेक गाड्या अजून कित्येक वर्षं क्लचवाल्याच असणार आहेत. म्हणून ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी शिकाऊ माणसाला सपाट मैदानावर आठचा आकडा गिरवायला लावण्याबरोबरच चढावर हँडब्रेक ओढून थांबायला आणि प्लेट धरल्याचं जाणवल्यावरच तो सोडायला शिकवावं.

आणि सेट बदलायचाच ठरला, तर जुनी प्लेट हातात मागा. थर रिव्हेटपर्यंत झिजला असेल तर पैसे योग्य जागी गेले. थर शाबूत पण तेलकट असेल, तर सील न बदलता गिअरबॉक्स परत चढवू देऊ नका. आधीच्या पिढीतल्या ऑक्टाव्हिया, लॉरासारख्या डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं. ते क्लचच्या सेटपेक्षाही महाग पडू शकतं, म्हणून ते ढिलं झालंय की चालण्यासारखं आहे, हे गिअरबॉक्स खाली असतानाच समोर उभं राहून बघून घ्या.