सार्वजनिक पैसा आणि आपली वस्ती

नगरपंचायतीत दर वर्षी अर्थसंकल्प मंजूर होतो. कुठे रस्ता होणार, कुठे नाली होणार आणि कोणत्या वस्तीला नळाची लाईन मिळणार, हे त्या एका सभेत ठरते. पण अर्थसंकल्प म्हणजे काय, तो कोण तयार करतो आणि आपला वाटा त्यात कुठे लिहिलेला असतो, असे विचारले तर आपल्यातील शिकलेली मुलेसुद्धा गप्प बसतात. म्हणून हा विषय समाजबांधवांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे सोप्या भाषेत मांडावा, असे आम्हाला वाटले.

सुरुवात महाडपासून करू. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दर वर्षी आठवतो, पण त्याची एक बाजू आपल्या बोलण्यात फारशी येत नाही. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला आणि तो ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. त्याचा पाया दया हा नव्हता. ज्या पैशात सर्वांचा वाटा आहे, त्या पैशातून झालेल्या सोयीवर सर्वांचा हक्क आहे, हा साधा हिशेब त्यामागे होता.

त्या ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तरीही पुढची तीन वर्षे अस्पृश्यांना त्या तळ्याचे पाणी घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा कागदावरचा हक्क पहिल्यांदा ओंजळीत आला. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. ठराव झाला म्हणजे काम झाले असे नाही, आणि झालेला ठराव रद्दही होऊ शकतो, हा धडा आपण महाडपासून घ्यावा.

आता आपल्या झरी जामणीकडे येऊ. पैनगंगेच्या अलीकडचा आपला हा तालुका कापसाचा, कोलाम आणि गोंड बांधवांचा, तसाच आपल्या बौद्ध समाजाचाही. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण शासनाने २०१४ साली घेतले आणि त्यानंतर येथेही नगरपंचायत आली. गाव शहर झाले म्हणून सर्वांना आनंद झाला. परंतु या बदलात दोन गोष्टी आपल्या हातून गेल्या, त्यांची चर्चा फारशी झाली नाही.

पहिली गोष्ट ग्रामसभेची. ग्रामपंचायत असताना प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो आणि उभा राहून सरपंचाला खर्चाचा जाब विचारू शकतो. नगरपंचायतीत ग्रामसभा नाही. तेथे १७ प्रभागांतून निवडून आलेले १७ नगरसेवक निर्णय घेतात. दुसरी गोष्ट टक्क्यांची. ग्रामपंचायतीला आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावी लागते. नगरपालिका व नगरपंचायतीत दुर्बल घटकांसाठी ५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के रक्कम राखून ठेवायची असते. म्हणजे गाव मोठे झाले तेव्हा आपला राखीव वाटा टक्क्याने लहान झाला.

हे ५ टक्के कशाचे, हेही नीट समजून घ्यावे. ते घरपट्टी, बाजारफी, गाळ्यांचे भाडे यांसारख्या स्वतःच्या उत्पन्नाचे असतात, शासनाच्या अनुदानाचे नव्हे. एक उदाहरण समजण्यापुरते घेऊ. एखाद्या नगरपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न वर्षाला २० लाख रुपये आहे असे धरले, तर दुर्बल घटकांचा वाटा फक्त १ लाख रुपये होतो. एवढ्यात गल्लीतली एक नालीही पुरी होणार नाही. म्हणून आपली नजर केवळ या ५ टक्क्यांवर राहिली, तर आपण एका लाखासाठी भांडत राहू आणि मोठ्या रकमा दुसऱ्या वस्तीतून फिरून निघून जातील.

मोठी रक्कम अनुदानात असते. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि नागरी संस्थांना घटनेत स्थान मिळाले. त्यासोबत घटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. तिच्यातील १८ विषयांत पाणीपुरवठा, स्वच्छता, गलिच्छ वस्त्यांची सुधारणा आणि समाजातील दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हे विषय आहेत. केंद्रीय वित्त आयोगाचा निधी थेट या संस्थांसाठी येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात लहान शहरांच्या निधीपैकी ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिला होता. याशिवाय अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या सुधारणेसाठी राज्य शासनाच्या स्वतंत्र योजना आहेत. वस्ती सुधारणेचा निधी आला म्हणून सर्वसाधारण निधीतून त्या वस्तीला काहीच द्यायचे नाही, अशी एक वाईट सवय अनेक ठिकाणी दिसते. वस्तीचा निधी हा जादा आधार आहे. सर्वसाधारण निधीतला आपला वाटा त्यामुळे संपत नाही.

पैसा कसा चालतो याच्या पायऱ्या विद्यार्थ्यांनी पाठ कराव्यात. प्रथम अंदाजपत्रकात तरतूद होते, मग सभेत ठराव होतो. त्यानंतर प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश येतात. काम झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत नोंद होते आणि देयक निघते. शेवटी लेखापरीक्षण होते. काम यातील कोणत्याही पायरीवर अडू शकते. तरतूद असून खर्च न होणे हा सर्वांत गुपचूप होणारा अन्याय आहे, कारण कागदावर आपले नाव दिसते आणि वस्तीत काहीच दिसत नाही.

हे पाहण्यासाठी वकील लागत नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५ प्रमाणे १० रुपये शुल्क भरून साधा अर्ज केला, तर ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्कही नाही. अर्जात चार गोष्टी मागाव्यात: राखीव निधीची तरतूद किती, ठरावाची प्रत, प्रत्यक्ष खर्च किती, आणि काम कोणत्या प्रभागात झाले. दोन वर्षांची उत्तरे शेजारी ठेवली की सर्व चित्र समोर येते.

थोडे आपल्याविषयीही बोलले पाहिजे. निधी मिळतो तेव्हा आपण काय मागतो? पुष्कळदा प्रवेशद्वाराची कमान किंवा विहाराच्या आवाराला फरशी मागतो. ही श्रद्धेची कामे आहेत, त्यांना आमचा विरोध नाही. पण ती समाजाने आपल्या वर्गणीतून करावीत. सार्वजनिक पैशातून अभ्यासिका, स्वच्छ पाणी, बंदिस्त नाली आणि रात्री मुलींना निर्धास्त जाता येईल असे दिवे मागावेत. बाबासाहेब आंदोलनात उतरण्याआधी अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. सरकारी तिजोरीचा अभ्यास ज्यांनी असा केला, त्यांच्या अनुयायांना नगरपंचायतीचे अंदाजपत्रक वाचता येऊ नये, हे शोभत नाही.

भगवान बुद्धांच्या धम्मातही हा विचार आहे. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात महाविजित राजाला महायज्ञ करावयाचा असतो. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की आधी शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे आणि सेवकाला योग्य वेतन दे; राज्यातील अशांतता दंडाने नव्हे तर याने मिटेल. राजाची तिजोरी कुणासाठी, हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. सम्राट अशोकानेही रस्त्याकडेला विहिरी खोदल्याचे आणि झाडे लावल्याचे आपल्या शिलालेखात नोंदवून ठेवले.

आमची समाजबांधवांना एवढीच विनंती आहे की प्रत्येक प्रभागातून दोन शिकलेल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे. अर्थसंकल्पाच्या सभेआधी वस्तीची बैठक बोलवावी, मागण्या लेखी द्याव्यात आणि पोच घ्यावी. वर्षाच्या शेवटी हिशेब विहारात सर्वांसमोर वाचून दाखवावा. गेलेली ग्रामसभा कायद्याने परत मिळणार नाही, पण वस्तीची सभा भरवायला कोणाची परवानगी लागत नाही. महाडला आपले पूर्वज तळ्यापर्यंत चालत गेले. आपल्याला नगरपंचायतीच्या कार्यालयापर्यंत जायचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!