घरासाठी टीव्ही घेताय? दुकानात जाण्याआधी घरात टेप लावा!



सण जवळ आला की टीव्हीच्या दुकानात एकच प्रश्न जास्त ऐकू येतो, "यात चांगला कुठला?" आता मी स्वतः दुकानदार आहे, त्यामुळे सांगतो. हा प्रश्न विचारलात की निर्णय तुमच्या हातातून सेल्समनच्या हातात गेला. ज्या मॉडेलवर मार्जिन जास्त किंवा ज्याचा स्टॉक पडून आहे, तेच "चांगलं" ठरण्याची शक्यता असते. तीस-चाळीस हजारांची वस्तू आहे आणि ती घरात बरीच वर्षं राहणार आहे. म्हणून उत्तर घरूनच घेऊन जा.

१. आधी अंतर मोजा, मग इंच ठरवा

सोफा किंवा दिवाण जिथे आहे तिथून टीव्हीच्या भिंतीपर्यंत टेप लावा. आलेले इंच आधी २ ने भागा, मग १.५ ने भागा. तुमची साइज या दोन आकड्यांच्या मधे येते. समजा अंतर ६ फूट, म्हणजे ७२ इंच आहे. उत्तर येतं ३६ ते ४८, म्हणजे ४३ इंची टीव्ही बरोबर बसतो. ८ फूट असेल तर ५० किंवा ५५ इंचीचा विचार करा.

लक्षात ठेवा, टीव्हीचे इंच तिरके मोजतात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. ४३ इंची टीव्हीची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर असते, ५५ इंचीची साधारण १२२. शोकेसच्या कप्प्यात टीव्ही बसवायचा असेल तर हे आधीच बघा. भिंतीवर लावायचा असेल तर बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत स्क्रीनचा मध्य आला पाहिजे. देवळातल्या घंटेसारखा वर टांगलात तर मान दुखणारच.

२. एचडी रेडी, फुल एचडी, फोर-के: फरक काय?

हा सगळा ठिपक्यांचा हिशोब आहे. एचडी रेडीमध्ये १३६६ × ७६८ ठिपके, फुल एचडीमध्ये १९२० × १०८० आणि फोर-केमध्ये ३८४० × २१६०. म्हणजे फोर-केमध्ये फुल एचडीच्या चौपट ठिपके. पण ३२ इंची टीव्ही ८ फुटांवरून बघताना फुल एचडी आणि फोर-के यातला फरक डोळ्याला कळत नाही. तिथे जास्त पैसे घालू नका. ५० इंचाच्या पुढे मात्र फोर-केच घ्या.

३. टीव्हीत येणार काय, ते बघा

लोक इथेच फसतात. टीव्ही फोर-के आणि घरात केबलचा जुना साधा बॉक्स, तोही लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या वायरने जोडलेला! मग चित्र फाटल्यासारखं दिसतं आणि शिव्या टीव्हीला. एचडी बॉक्स, एचडी चॅनल्सचा पॅक आणि एचडीएमआय केबल, हा खर्च बजेटमध्ये धराच. ओटीटीवर बघणार असाल तर नेटचा स्पीड तपासा. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस किंवा जास्त स्पीड सांगतं, शिवाय फोर-के त्यांच्या सगळ्यात महागड्या प्लॅनमध्येच मिळतं.

४. शोरूममधल्या चित्रावर जाऊ नका

तिथे खास डेमो व्हिडिओ चालू असतो आणि रंग मुद्दाम भडक ठेवलेले असतात. सरळ सांगा, "पिक्चर मोड स्टँडर्ड करा आणि साधं बातम्यांचं चॅनल लावा." शक्य असेल तर स्वतःचा पेनड्राइव्ह न्या. बाजूला उभं राहूनही बघा, कारण घरात सगळेच समोर बसत नाहीत. 'एचडीआर सपोर्ट' असं लिहिलंय म्हणून भाळू नका. पॅनेलचा उजेड कमी असेल तर एचडीआरचा खरा फायदा दिसत नाही. एचडीएमआयचे पोर्ट किमान तीन असावेत: सेट-टॉप बॉक्स, साउंडबार आणि एक जास्तीचा.

५. बिल आणि हप्ता नीट वाचा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मूळ किंमत ४०,००० असेल तर कर ११,२०० ऐवजी ७,२०० लागतो. बिलावर १८ टक्केच आहे ना, बघून घ्या.

आता 'नो कॉस्ट ईएमआय'. क्रेडिट कार्डावर ४०,००० चे सहा हप्ते केलेत आणि बँकेचा दर वर्षाला १५ टक्के असेल, तर सुमारे १,७०० रुपये व्याज लागतं. तेवढी सूट तुम्हाला आधी दिलेली असते, म्हणून ते 'नो कॉस्ट'. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ३०० रुपये, आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते. म्हणून विचारा, "रोख दिले तर किती कमी कराल?" आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा.

६. धंदेवाल्यांसाठी खास

घरच्या टीव्हीवर दुकानाचा जीएसटी नंबर टाकून क्रेडिट घेऊ नका. इनपुट क्रेडिट धंद्यासाठी वापरलेल्या वस्तूवरच मिळतं. टीव्ही दुकानातच लावणार असाल तर गोष्ट वेगळी, पण कंपोझिशनमध्ये असाल तर तेव्हाही मिळत नाही. आणि गल्ल्यातून पैसे काढलेत तर ते 'ड्रॉइंग्ज' म्हणून वहीत लिहा, तो धंद्याचा खर्च नाही. ऐन सीझनला माल भरायचे पैसे टीव्हीत गेले, तर नंतर तोच माल उधारीवर जास्त भावाने घ्यावा लागतो. टीव्ही महिनाभर थांबू शकतो, गिऱ्हाईक थांबत नाही.

७. खोका कधी उघडायचा?

कंपनीचा माणूस आल्यावरच, आणि मोबाइलवर शूटिंग करत. फुटलेलं पॅनेल वॉरंटीत येत नाही आणि नवीन पॅनेलचा खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा होऊ शकतो. खरेदीआधी हेही विचारा की सर्व्हिस सेंटर तुमच्या गावात आहे की जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि माणूस घरी येतो की टीव्ही उचलून न्यावा लागतो. दोन हजारांनी स्वस्त टीव्ही इथेच महाग पडतो.

तर मित्रांनो, एका कागदावर चार गोष्टी लिहा: अंतर, साइज, काय बघणार आणि जास्तीत जास्त बजेट. तो कागद खिशात असला की "चांगला कुठला?" असं विचारायची वेळच येणार नाही. तुम्हीच सांगाल, "मला हा दाखवा."