बारा रणगाडे कोणते निवडावे?



रणगाड्यांवर व्याख्यान म्हटल्याबरोबर आता युद्धशास्त्राचा तास होणार, अशी धास्ती काहींनी घेतली असेल. ती सोडून द्यावी. मी बोलणार आहे ते तळहातावर मावणाऱ्या रणगाड्यांविषयी. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या, मापात घडविलेल्या आणि हुबेहूब रंगविलेल्या अशा प्रतिकृती हौशी माणसे देशोदेशी जमवीत असतात. त्या काढणारा कारखानदार आधी एक मालिका आखतो. समजा, बारा नगांची. रणगाड्यांचे तर शेकडो प्रकार होऊन गेले. त्यांतले बारा कोणते घ्यायचे?

प्रश्न पोरखेळाचा वाटेल. मलाही वाटत असे. माझ्या भाच्याच्या कपाटात सात रणगाडे होते, त्यांपैकी पाच जर्मन. एकदा सहज विचारले, "काय रे, दुसरे महायुद्ध जिंकले कुणी?" स्वारीने कपाटाकडे नजर टाकली आणि चाचरत उत्तर दिले, "जर्मनीने?" पोराचा काय दोष? त्याचे इतिहासाचे पुस्तक काचेमागे मांडलेले होते, आणि ते दुसऱ्याच कुणीतरी लिहिले होते.

प्रथम मापाचे पाहू, कारण निवडीचे निम्मे भांडण तिथेच असते. बहात्तरास एक हे प्रमाण पुष्कळ चालते. म्हणजे खऱ्याचे बहात्तर सेंटीमीटर ते प्रतिकृतीचा एक सेंटीमीटर. पस्तिसास एक हे दुसरे प्रमाण, आणि त्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. जपानातील शिझुओका येथील तामिया कंपनीने 'पँथर' या जर्मन रणगाड्याची चालती प्रतिकृती १९६१ साली काढली. आत मोटर आणि विजेऱ्या बसल्या पाहिजेत, म्हणून अंग तेवढे ऐसपैस ठेवले. नंतर हिशेब करून पाहिला, तो प्रमाण भरले सुमारे पस्तिसास एक! विजेरीच्या आकाराने ठरलेले ते माप आज जगभर रूढ आहे.

एकदा प्रमाण धरले की ते मोडता येत नाही. फ्रान्सचा 'रेनो एफटी' शेपटासह जेमतेम पाच मीटर लांब. बहात्तरास एक या मापाने तो सात सेंटीमीटर होतो. जर्मन 'टायगर' तोफेच्या नळीसह साडेआठ मीटरांचा, म्हणून पावणेबारा सेंटीमीटर. गिऱ्हाईक दुकानात दोन्ही शेजारी पाहते आणि म्हणते, सारखेच पैसे मोजायचे तर मोठा द्या. काही कारखानदार मग लहानग्याला थोडा फुगवतात. हे मात्र क्षम्य नाही. रेनो लहान होता, हीच तर त्याची खुबी.

तिचा थोडा खुलासा करतो. इंग्रजांनी १५ सप्टेंबर १९१६ रोजी सॉमच्या लढाईत, फ्लेर गावाजवळ, पहिल्यांदा रणगाडे उतरविले. त्या हल्ल्यासाठी ४९ नेमले होते, पण सुरुवातीच्या जागेपर्यंत पोचले ३२. बाकीचे वाटेत रुतले किंवा बिघडले. हा 'मार्क वन' म्हणजे अठ्ठावीस टनांची तिरपी लोखंडी पेटी. आत आठ माणसे आणि त्यांच्या मधोमध तापलेले इंजिन. तोफा दोन्ही कुशींना. वर फिरता बुरूज नाही. गुप्तता राखण्यासाठी कामगारांना पाण्याच्या टाक्या बनत असल्याचे भासविले, म्हणून इंग्रजीत 'टँक' हे नाव पडले आणि चिकटले. १९१८ सालच्या मेअखेरीस फ्रेंचांचा रेनो रणांगणावर आला. साडेसहा टन वजन आणि माणसे दोनच. चालक पुढे, इंजिन मागे, आणि मधे चारी दिशांना फिरणारा बुरूज. आजचा कोणताही रणगाडा डोळ्यांसमोर आणा. मांडणी बहुधा हीच दिसेल. म्हणून माझ्या बारांत मार्क वन आजोबा म्हणून येईल, पण पहिले आसन रेनोला.

आता टायगरकडे वळू. तो विकतो, हे कबूल केलेच पाहिजे. जाड चिलखत, ८८ मिलिमीटरची तोफ आणि चौकोनी, दरारा बसविणारी चर्या! पण टायगर बनले किती? सुमारे १३५०. रशियाचे टी-३४, सगळे प्रकार आणि युद्धानंतरचे उत्पादन धरून, ८०,००० हून अधिक. अमेरिकेचे शर्मन जवळजवळ ४९,०००. युद्ध कुणी जिंकले याचे उत्तर या आकड्यांत बरेचसे दडलेले आहे. टायगर घेऊ नये असे मी म्हणत नाही. एक घ्यावा, आणि तो नेमका घ्यावा. ट्युनिशियात एप्रिल १९४३ मध्ये इंग्रजांच्या हाती लागलेला १३१ क्रमांकाचा टायगर इंग्लंडात बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात आहे. तो मोजता येतो, पाहता येतो. आणि शत्रूने सोडून दिलेला, म्हणून त्याची गोष्ट उगाच पराक्रमाची होत नाही.

'नेमका' या शब्दावर माझा भर आहे. नुसता 'टी-३४' म्हणून भागत नाही. १९४३ च्या कुर्स्कच्या लढाईत त्याची तोफ ७६ मिलिमीटरची होती. ८५ मिलिमीटरचा मोठा बुरूज १९४४ मध्ये आला. कुर्स्कच्या देखाव्यात ८५ ची तोफ दिसली की जाणता संग्राहक मान हलवून पुढे जातो. साल, ठिकाण, पलटण आणि बुरुजावरचा क्रमांक ठरल्यावरच रंगाला हात लावावा.

कारखानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. खर्च असतो तो पोलादी साच्यांचा. माल त्या मानाने स्वस्त. शर्मनच्या खालच्या अंगाचा साचा एकदा केला की बुरूज बदलून इंग्रजांचा 'फायरफ्लाय' काढता येतो, आणखीही दोन-तीन भाऊबंद निघतात. म्हणून एखादी आडनावे सारखी असलेली मंडळी मालिकेत फार दिसू लागली, तर ती इतिहासाची नव्हे, साच्याची निवड समजावी.

आणि आपले काय? इथे आपल्याकडे सामग्री उदंड आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तर येथे पाकिस्तानच्या अमेरिकन पॅटन रणगाड्यांसमोर आपले तीन रिसाले उभे होते: डेक्कन हॉर्सकडे अमेरिकन शर्मन, थर्ड कॅव्हलरीकडे ब्रिटिश सेंच्युरियन आणि एट्थ लाइट कॅव्हलरीकडे फ्रेंच एएमएक्स-१३. एकाच लढाईत तीन देशांची धाटणी! एएमएक्स हा पंधरा टनांचा हलका गडी. त्याचा बुरूजच दोन भागांचा, वरचा भाग तोफेसकट वरखाली होतो. सेंच्युरियन त्याच्या तिपटीहून जड. हे चौघे शेजारी मांडले की लढाईचा नकाशा न काढताही पुष्कळ सांगून होते.

सेंच्युरियन मी दोन घेईन. साचा एकच, पण गोष्टी दोन, आणि दोन्ही पूना हॉर्सच्या. पहिला १९६५ चा, मुंबईत जन्मलेल्या लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांच्या रिसाल्याचा. फिलोरा आणि चविंडाच्या लढायांत ते जखमी होऊनही पुढे राहिले आणि १६ सप्टेंबरला पडले. दुसरा १६ डिसेंबर १९७१ चा, बसंतरच्या लढाईतला 'फामागुस्ता'. त्यात होते एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. पेटलेला रणगाडा सोडण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मापे घ्यायला परदेशी जाण्याचे कारण नाही. पूर्वीच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १९९४ मध्ये उघडलेले रणगाडा संग्रहालय आहे. सेंच्युरियन, पॅटन आणि आवडीला बनलेला 'विजयंता' तिथे उघड्यावर उभे आहेत. मुलांना घेऊन जा, टेप बरोबर ठेवा.

माझी यादी मोजाल तर बारा भरत नाहीत, हे मला ठाऊक आहे. उरलेल्या जागांवर रुची आणि खिसा पाहून ज्याने त्याने भर घालावी. बारावी जागा मात्र मी कुणाला देणार नाही, आणि तिथे बसणार आहे तो रणगाडाच नव्हे. असल उत्तरला हवालदार अब्दुल हमीद यांनी पॅटन फोडले ते उघड्या जीपवर बसविलेल्या रिकॉइललेस तोफेने. बहात्तरास एक या मापाने पॅटन नळीसह तेरा सेंटीमीटर होतो. जीप होते साडेचार. दोन्ही एकाच फळीवर, समोरासमोर ठेवायची.