चौरस आहाराचे अंकगणित

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात विद्यार्थिनींची रक्ततपासणी झाली. पुष्कळ जणींचे हिमोग्लोबिन कमी निघाले. तपासणीस आलेल्या डॉक्टरबाईंनी आपुलकीने बजावले, ‘पालेभाज्या खा, डाळी खा, दूध-अंडी घ्या.’ दुसऱ्या दिवशी तासाला एका मुलीने विचारले, ‘सर, बाई म्हणाल्या ते सगळं घरात आणायचं, तर महिन्याला किती आणावं लागेल?’ प्रश्न वैद्यकाचा नव्हता, आमच्याच विषयाचा होता. तो आम्ही फळ्यावर सोडविला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहारविषयक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दिवसाला २००० उष्मांकांच्या तिच्या ताटात २५० ग्रॅम तृणधान्य, ८५ ग्रॅम डाळी (किंवा त्याऐवजी काही अंशी अंडी-मांस), ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ३०० मिलिलिटर दूध आहे. तेल व तेलबिया वेगळ्या. घरात चार मोठी माणसे धरली, तर ३० दिवसांचा हिशेब असा होतो : धान्य ३० किलो, डाळ १० किलो २०० ग्रॅम, भाजी ४८ किलो, फळे १२ किलो, दूध ३६ लिटर. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘आमच्याकडे डाळ दोन किलो येते, सर.’ कोणी हसले नाही.

आता या फळ्याशेजारी शिधापत्रिका ठेवू. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार पात्र कुटुंबाला दरडोई दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. चौघांचे झाले २० किलो. म्हणजे ताटातील सर्वांत स्वस्त पदार्थाची दोन-तृतीयांश गरज शासन भागविते आणि उरलेले सारे ताट बाजाराच्या हवाली करते. या धान्याचे मोल मी कमी लेखीत नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरच्या तांबड्या मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली, त्यांच्यापुढे तसे बोलण्याचे धाडस कोण करील? परंतु पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी आहेत, आणि त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२० मध्ये जागतिक अन्नसुरक्षेचा जो अहवाल दिला, त्यात केवळ उष्मांक पुरविणाऱ्या आहारापेक्षा आरोग्यदायी आहार सरासरी पाचपट महाग असल्याचे म्हटले आहे.

आपल्याकडील दारिद्र्याची चर्चा मात्र उष्मांकांभोवतीच वाढली. पुण्याच्या गोखले संस्थेत दांडेकर व रथ यांनी १९७१ मध्ये २२५० उष्मांकांच्या आधाराने दारिद्र्यरेषा मांडली. सुखात्म्यांनी तिच्यावर आक्षेप घेतले. वाद गाजला, पण तोही उष्मांकांचाच होता. त्या काळी ते स्वाभाविकच होते. आज गोदामे भरलेली आहेत, तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला आणि पाच वर्षांखालील ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी निघाली.

महागाई वाढली की काय होते, हे निर्देशांकात पुरते दिसत नाही. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा अनेक घरांनी डाळ सोडली नाही. वरणात पाणी वाढविले. सर्वांत शेवटी जेवणारीच्या वाटीत मग काय उरत असेल, ते सांगावयास नको.

‘गरिबांना कळत नाही, नाहीतर ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काय वाईट?’ असे आपल्या मध्यमवर्गात सर्रास म्हटले जाते. वाईट मुळीच नाही. परंतु चांगली मालदांडी ज्वारी आज बाजारात गव्हाहून महाग आहे, आणि गहू रेशनवर फुकट मिळतो. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. त्याची फलश्रुती एवढीच दिसते, की मधुमेह झालेला आमच्यासारखा प्राध्यापक डॉक्टरांच्या सल्ल्याने भाकरीकडे वळला आणि जिची ती भाकरी होती, ती शेतमजूर बाई चपाती लाटू लागली. शिवाय ती रोजच्या मजुरीतून रोज सुटे जिन्नस घेते. पाव किलो डाळीला ती जो भाव मोजते, तो महिन्याचा किराणा एकदम भरणाऱ्या आपल्या घरांना मोजावा लागत नाही. अज्ञान असेलच, तर ते कोणाचे, याचा विचार व्हावा.

रेशन दुकानात डाळ ठेवणे अशक्य आहे, असेही नाही. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ व पामतेल यांचा शिधा दिला. सणाला जमते ते आषाढात का जमू नये? शाळेच्या माध्यान्ह भोजनाचेही तसेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुलांना आठवड्यातून एक अंडे, किंवा ते न खाणाऱ्यांना केळे, देण्याचे ठरले. अंड्यामागे पाच रुपये मंजूर झाले. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने हा निधी थांबविला आणि अंडे द्यावयाचे असल्यास शाळांनी लोकसहभागातून पैसा उभारावा, असे सांगितले. ज्या गावच्या मुलांना त्या अंड्याची सर्वाधिक गरज आहे, त्या गावात गुरुजींनी वर्गणीचे पुस्तक घेऊन कोणाच्या दारी उभे राहावयाचे, हे त्या आदेशात सांगितलेले नाही.