एक अधिक गुणसूत्र आणि मधुमेह

मनुष्याच्या शरीरपेशीत ४६ गुणसूत्रे असतात. त्यांपैकी पुरुषात एक 'एक्स' व एक 'वाय' ही लिंगनिश्चिती करणारी होत. काही मुलग्यांत जन्मतःच एक 'एक्स' अधिक येते व संख्या ४७ भरते. बोस्टन येथील डॉ. हॅरी क्लाईनफेल्टर यांनी १९४२ साली अशा नऊ पुरुषांची लक्षणे वर्णिली; त्यांचे कारण मात्र १९५९ साली पॅट्रिशिया जेकब्ज व जॉन स्ट्राँग यांनी एडिंबरो येथे शोधले. सुमारे सहाशे-सातशे मुलग्यांमागे एकात ही स्थिती असते. पुष्कळांना तिचा पत्ता आयुष्यभर लागत नाही.

असा मुलगा वर्गात ओळखू येईलच असे नाही. तो पुष्कळदा उंच, लांब हातापायांचा व अबोल असतो. वाचनात मागे पडतो. बुद्धी बहुधा इतरांसारखीच असते, म्हणून त्यास 'मठ्ठ' म्हणणे अन्यायाचे होय.

या पुरुषांत मधुमेह अधिक आढळतो. बहुधा तो शरीर इन्शुलीनला जुमानीनासे झाल्याने होतो. परंतु काहींत रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्शुलीन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. राखणदाराने घरच्याच माणसावर काठी उगारावी तसे हे आहे. प्रतिकाराशी संबंधित अनेक जनुके 'एक्स'वर असतात, आणि प्रतिकारास आवर घालणारे पुरुषी संप्रेरक या पुरुषांत कमी असते. तज्ज्ञ ही दोन कारणे पुढे करतात.

हा भेद प्राणाशी निगडित आहे. पहिल्या प्रकारात पथ्य व गोळ्यांवर पुष्कळदा भागते. दुसऱ्यात इन्शुलीनची सुई अटळ. ती बंद पडल्यास रक्तात आम्ले साचून थोड्याच दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. रोगी स्थूल दिसला म्हणजे पहिलाच प्रकार असावा असे गृहीत धरले जाते. रक्तातील प्रतिपिंडे तपासल्यास उलगडा होतो.

कोणताही विद्यार्थी वारंवार पाणी पिऊ व लघवीस जाऊ लागला, खाऊनपिऊन वाळू लागला, तर शिक्षकांनी पालकांस त्याच दिवशी कळवून त्यास दवाखान्यात धाडण्यास सांगावे. सुई चालू असलेल्या मुलास घाम सुटून कापरे भरल्यास तत्काळ साखर वा गूळ द्यावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता डॉक्टरांकडे न्यावे. लघवीची परवानगी त्याने तासात दोनदा मागितली तरी नाकारू नये.